टेकडीची उंची

शनिवारी शाळा सुटल्यावर सभा.
विषय एकच: दहावीच्या पेपरातला टेकडीचा घोळ.
तुर्भ्याच्या आमच्या स्टाफरूममधून दिसते
तीच टेकडी.
गणितात ती एकशे ऐंशी मीटर,
उन्नत कोन तीस अंश, पायथा सपाट धरा.
ठोसरबाई म्हणाल्या, पायथा कधी सपाट असतो का हो?
त्यांच्या भूगोलाच्या नकाशात समोच्च रेषा,
दोनशे दहा.
गावंड सर हसले नाहीत.
"मार्क रीतीला असतात, बाई."
मी विज्ञानाचा, मला तिचा तुकडा पुरतो:
कपाटात आहे, बेसाल्ट,
लेबल सुटलेलं.

चहा निवला. इतिवृत्तात मीच लिहिलं,
दोन्ही विभागांनी आपापली उंची ठेवावी.

मग गावंड सरांनी पिशवीतून एक उत्तरपत्रिका काढली.
मंजुळा धोत्रे, दहावी क.
आकृती नीट, सूत्र बरोबर,
उत्तराच्या जागी पेन्सिलीने:
'कोणत्या सालची उंची?
बाबा खाणीत सुरुंग लावायचे
तेव्हा जास्त होती.'

तिघांनी वाचलं. खिडकीकडे
आधी कोणी पाहिलं, आठवत नाही.

या ओळीला मार्क कोणत्या विभागाने द्यायचे,
ते पुढच्या सभेत.
तोवर पेपर माझ्या कपाटात आहे,
दगडाशेजारी.