शून्याची पावती

टस्कलूसाच्या डायनरमागे, कचऱ्याच्या पिंपाशी
ओडेसा मला पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवते.
तासाला दोन डॉलर तेरा सेंट.
बाकीचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.
"टिपा कमी पडल्या तर फरक मालकानं भरायचा असतो.
असतो," ती पुन्हा म्हणते.

"आणि टिपांवरचा करही ह्यातूनच."
तिचं बोट रकान्यातून खाली घसरतं,
नखाला पॅनकेकच्या पाकाचा चिकटा.
तळाशी शून्य, शून्य, शून्य
आणि आडवं छापलेलं: हा चेक नव्हे.

मी फाडायला जाते.
ती मनगट धरते.
"म्हातारपणी सरकार हेच मोजणार, पोरी.
एकोणीस वर्षांची शून्यं आहेत माझ्याकडे,
बिस्किटांच्या डब्यात, सालवार."

आतून कुणीतरी कपावर चमचा वाजवतं.
ओडेसा आधी हसते,
मग वळते.