काना आणि वेलांटी

‘तुला भूक लागली?’ असं तू म्हणतोस
तेव्हा भूक तुलाच लागलेली असते.
मी विचारलेलं सगळं तू जपून ठेवतोस
आणि गरज पडली की माझ्याच चढ-उतारांसकट
परत करतोस, शेजारणीने वाटी परत करावी तशी,
धुऊन, पुसून, रिकामी.

आज वहीत पुन्हा लाल अक्षरं:
दुर्वेश मुणगेकर तीन तास बाकाखाली बसला.
का बसला, ते नाही लिहिलेलं.
शाळेत किचनशेडचे पत्रे बदलतायत.
एकेक पत्रा ओढताना माझ्याही दाढेत कळ जाते,
मी तर गेटाबाहेर होते.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
नांदगावहून कुणीतरी आणून आंब्याला टांगलेला.
जूनपासून दिवसातून आठ वेळा तू त्या ठोक्याखाली मोडलास.
मग खिचडी शिजवणारी शालन
ठोका देण्याआधी तुझ्या वर्गाच्या दारात येऊ लागली,
हातातला ओला पंचा उंच धरून.
तू दोन्ही तळहात कानांवर नेतोस.
मग ती जाते आणि मारते.
हे तिला कुणी सांगितलं नाही.
मी विचारलं तर म्हणाली, ‘माका दिसता ना तो.’

बाकी सांगणारे पुष्कळ.
‘गाऱ्हाणा घाल गो रवळनाथाक, झील बोलाक लागात.’
घातलं. नारळ दिला.
ओरोसला सिव्हिलमध्ये दोन खेपा झाल्या,
सर्टिफिकेटवर टक्के मिळाले.
टक्के बघून वर्गशिक्षक म्हणाले, एवढे?
जशी काही तू कॉपी केली होतीस.

तुला पांढरंच लागतं. पेज. भात.
घावणा, पण जाळी पडलेला आणि डाग नसलेला.
सोमवारी डाग पडला, तपकिरी, चवलीएवढा.
तू कपाळ भिंतीवर आपटलंस, पुन्हा आपटलंस,
आणि मी,
इथे लिहिते कारण तोंडाने सांगवत नाही,
तुझ्या दंडावर मारलं.
आता रोज आंघोळीला तू तोच दंड पुढे करतोस
आणि म्हणतोस, ‘बस झालं म्हटलं ना!’
माझा आवाज. माझे दातओठ.
तांब्या हातात धरून मी
स्वतःला ऐकत उभी असते.

बाबा पहाटे बर्फाच्या फॅक्टरीतून येतो,
गार हात तुझ्या कपाळावर ठेवतो.
डावाच. उजवा तुला चालत नाही.
त्या एका मिनिटासाठी तो बंदरापासून घरापर्यंत
डावा हात खिशात घालत नाही, गरम होईल म्हणून.

संध्याकाळी सड्यावर जाऊन पवनचक्क्या मोजायच्या.
फिरणाऱ्या वेगळ्या, बंद वेगळ्या.
खाली लिलावाचा गलका चालू असतो, वर तो पोचत नाही.
तू माझ्याकडे बघत नाहीस
पण माझा अंगठा मुठीत घट्ट धरतोस,
वाऱ्यात तो उडून जाईल अशा बेताने.

आणि रात्री मी विचारते, ‘तू दमलास?’
तू म्हणतोस, ‘तू दमलास.’
त्याचा अर्थ हो. मग दिवा घालवायचा.

काल मागच्या दारी आडाळ्यावर मी तिसऱ्या उघडत होते.
विचारायचं राहून गेलं होतं.
तू उंबऱ्यात आलास, आडाळ्याच्या पात्याकडे बघत म्हणालास,
‘तू दमलीस.’

जिथे रोज काना असतो तिथे वेलांटी.

बाबाचंच वाक्य असेल. परवा म्हणाला होता तो,
चपला काढता काढता.
त्याच्या आवाजात होतं का, ते आठवून बघते,
पण खालचा कॉम्प्रेसर घुमत होता, नीट कळलं नाही.
‘हो,’ म्हटलं मी.
तू खाली बसलास, शिंपल्या उचलून
जमिनीवर रांग लावू लागलास:
पालथी, पालथी, पालथी, पालथी,
मग एक उताणी.

ती तशी का, विचारलं नाही.
दिवा जरा उशिरा घालवला.