मोजे

लातूर, सरकारी दवाखाना, खोली क्रमांक चौदा.
पंखा एकच, आणि तो सरांच्या रिकाम्या खुर्चीवर.
माझ्याकडे सतरा प्रश्न,
प्रत्येकाखाली पाच चौकोन :
अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, असह्य.
शून्य ते चार या दरम्यान
माणूस कुठेतरी बसतोच,
असं सर म्हणतात.

सोजरबाई बोयणे, वय एकसष्ट.
दोन्ही गुडघे, उजवा जास्त.
एक्स-रेत दोन हाडांमधली फट
पोस्टकार्डाच्या कडेएवढी उरलेली.

‘मोजे घालताना किती त्रास होतो?’
‘मोजते की,’ त्या म्हणाल्या, ‘मोजल्याबिगर कसं चालंल?
सकाळी एकशेवीस, सांजच्याला एकशेवीस.
ट्यूशनच्या गल्लीत खानावळ हाय.
एक कमी पडली तर पोरगं उपाशी ऱ्हातंय.’
‘मोजे, बाई. पायात घालायचे.’
त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं,
मग स्वतःच्या टाचांकडे,
आणि अशा हसल्या
की रांगेतला एकजण काठी टेकत आत डोकावला.

यादी कुणी केली ठाऊक नाही. थंड देशातली असणार.
पुढचा प्रश्न टबात उतरण्याचा होता.
तो मी न विचारताच खोडला.
या गावाला एका उन्हाळ्यात
पिण्याचं पाणी आगगाडीनं आलं होतं.

शौचाला बसता-उठताना?
त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.
‘पालथी बादली ठिवलीय. तिला धरून उठते.
गेल्या म्हैन्यात फुटली.’
मी ‘खूप’वर खूण केली.
बादली कुठे लिहावी, कळलं नाही.

मग खुर्चीची चाचणी.
हात छातीवर, तीस सेकंद, उठा, बसा.
सोजरबाई नऊ वेळा उठल्या.
‘झालं? पण खुर्चीवर बसतंय कोण, ताई?
मपलं मोजमाप इचारा.
पयलं चाळीस भाकरी व्हायच्या, तवा मांडी मोडायची.
मंग तीस. दिवाळीत वीस.
आता अकरा.
बाराव्या भाकरीला पाय लांब करावाच लागतो.
मालक म्हणतो, अन्नाकडं पाय करू नगं.
म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बसते.’

भिंतीकडे तोंड.
शून्य ते चारमध्ये
कुठे येतं हे?

‘खाली बसून दाखवता?’ मी विचारलं. यादीत नव्हतं.
टेबलाची कड धरून त्या उतरल्या,
आडातली भरली घागर परत सोडावी तशा, हळू.
उठताना आधी भिंत, मग टेबलाचा पाय,
मग माझं मनगट.
त्यांचा अंगठा अजून पिठाचा होता,
की कातडीच तशी झाली होती?
स्टॉपवॉच बंद करायचं राहून गेलं.
पाहिलं तेव्हा चार मिनिटं बावीस,
आणि सोजरबाई बाहेर एका पायावर तोल सावरत
चप्पल सरळ करत होत्या.

बेरीज : अडुसष्टपैकी एकोणचाळीस.
समासात पेन्सिलीनं : अकरा भाकरी.
सरांनी चष्मा वर केला.
‘एकक काय याचं?’
मी गप्प राहिले. खोडरबर त्यांच्याच टेबलावर होता.
त्यांनी तो उचलला, थोडा वेळ हातात फिरवला,
आणि तसाच ठेवून चहाला गेले.

रात्री वसतिगृहात डबा उघडला.
चार महिने येतोय,
कुठल्या खानावळीतून, कधी विचारलं नाही.
दोन भाकऱ्या. एक गोल, काठापर्यंत सारखी.
दुसरीची एक कड जाड,
थापताना मध्येच हात थांबल्यासारखी.

मी आधी जाड खाल्ली.