उलटं कोरलेलं

बोरा बाजारातल्या माझ्या साडेतीन फुटी दुकानात
तो वाकूनच शिरला, म्हणाला, आय ॲम अ हेरल्ड.
मी पावतीवर नाव लिहिलं : हॅरल्ड.
तेव्हापासून तो मिस्टर हॅरल्डच.
खरं नाव ऑब्री पेंटलो,
हे त्यानं फेब्रुवारीत सांगितलं, तेही संकोचून,
जणू चूक त्याचीच होती.

हेरल्ड म्हणजे काय, ते वरच्या मजल्यावरच्या
दुभाष वकिलांना विचारलं.
राजाचा भालदार, म्हणाले,
पण ललकारी न देता दप्तर ठेवणारा.
कुणाच्या ढालीवर सिंह, कुणाच्या नुसता पट्टा,
कुणाचा सिंह उभा, कुणाचा बसलेला,
सगळं वहीत.
म्हणजे तलाठीच की, मी म्हटलं.
सिंहांचा सातबारा.

इथे तो दगडातल्या ढाली मोजायला आलेला.
रविवारी मी शिडी धरायचो, तो वर चढायचा,
कबुतरांची घाण रुमालानं पुसायचा
आणि ओरडायचा, मिस्टर गॅग!
(घाग त्याला कधी जमलं नाही.)
हा कोरणाऱ्यानं सिंह पाहिलेला नाही,
कुत्रा पाहिलाय. शेपूट बघा.
मग हळूच : पण काय कुत्रा पाहिलाय!
प्रत्येक दाराशी तो वॉचमनला विचारायचा
कोरणाऱ्याचं नाव.
वॉचमन बिल्डरचं सांगायचा.

शिवडीच्या दफनभूमीत एकदा गवत सारलं तर
बावीस वर्षांचा कारकून, पटकीनं गेलेला.
उशाशी ढाल, ढालीवर तीन पक्षी.
पेंटलो बराच वेळ उकिडवा बसला.
ही याची नाही, म्हणाला. ढापलेली आहे.
पेन काढलं. टोपण लावलं.
मेलेल्या पोराला खोटं पाडायला
मी एवढ्या लांब आलो नाही.
वहीत ते पान अजून कोरं असेल.

त्याच दिवशी, थर्मासमधला चहा पिताना, त्यानं शिकवलं :
ढालीची उजवी बाजू बघणाऱ्याची नसते,
ढाल धरून मागे उभा असतो, त्याची.
मला हसू आलं.
तीस वर्षं मी रबरावर उलटं कोरतोय,
‘पोच’, ‘रद्द’, ‘खरी नक्कल’.
धरणाऱ्याची बाजू मला कुणी सांगायची?

तुमच्या घराण्याची खूण? त्यानं विचारलं.
देवक कळंब, मी म्हटलं.
ढालीवर?
छे, डहाळी असते. लग्नात मांडवाला बांधतो.
कळंब आम्ही तोडत नाही, चुलीत घालत नाही.
नोंद कुठे?
नोंद नाही. आत्याला माहीत असतं.
त्याचा चहा निवून गेला.
आत्या, तो दोनदा म्हणाला, आत्या.

दुसऱ्यांना सिंह वाटणाऱ्या माणसाला
स्वतःचं काहीच नव्हतं.
बाप गुत्त्यांच्या पाट्या रंगवायचा :
लाल बैल, पांढरं हरिण, वर दराचा फळा.
लग्न केलं नाही. कुणासाठी ढाल काढायची?
तरी निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आला.
मला एक शिक्का हवा. पैसे आगाऊ.
आत काय कोरू?
काही नको, म्हणाला. नुसती ढाल. रिकामी.

पुतणीचं पत्र आलं ते पुढच्या दिवाळीच्या सुमारास.
कुठल्याशा गावच्या देवळात छताची रंगीत ढाल बघत
शिडीवरून मागे गेला.
शिडी कोणी धरली होती, ते लिहिलेलं नव्हतं.

न नेलेल्या शिक्क्यांचा माझा एक खण आहे.
बंद पडलेली सूतगिरणी, मोडलेली भागीदारी,
निवडून न आलेला एक नगरसेवक.
त्यातच पेंटलो.
काल शाईची गादी ओली करून
जुन्या पावतीच्या पाठीवर उठवून पाहिला.
ढाल रिकामी नाही.
एका कोपऱ्यात कळंबाचं पान आहे, नखाएवढं,
त्याला न विचारता घातलेलं.

बघणाऱ्याला ते डावीकडे दिसतं.