वेर्णा, दुसरी पाळी

आधी पाणी, पंचाहत्तर अंशांवर.
मग तेल, तितकंच तापलेलं,
धार करंगळीहून बारीक.
डिस्पर्सरचं डोकं बीकरच्या मधोमध नको,
जरा कडेला, तिरकं;
नाहीतर भोवरा होतो, भोवरा हवा गिळतो
आणि मलमाला फेस येतो.
एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं.

मिनिटाला बारा हजार फेरे.
इश्पेरांसबाय आकड्याकडे बघत नाही,
डावा कान पुढे करते.
उजवा गेला, सतरा वर्षांत, याच आवाजात.
"रडटा आजून. राव."
मी थांबतो.
शिट्टी हळूहळू जाड होते, घोगरी होते,
जत्रेत रात्रभर ओरडून आलेल्या पोराच्या घशासारखी.
"आतां."

थेंब मोजायचं यंत्र वीस मिनिटं घेतं
आणि सांगतं: दोन मायक्रॉन.
तोवर ती हात धुऊन
कुठ्ठाळीच्या बसची वाट बघत उभी.

कालचा नमुना फडताळात फुटलाय.
वर खोबरेलाची रेघ, बोटभर.
तो मी एकट्याने केला होता,
घड्याळ लावून.
मागे सरकवून ठेवला, तिला दिसू नये म्हणून.

झाकणावर आज चिठ्ठी आहे,
रोमी अक्षरांत, पेन्सिलीने:
परतून कर. गडबड नाका.