आतली बाजू

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा नंबर,
टायरवाल्याच्या मागे आमची शेड.
आम्ही खोकी बनवतो.
भाजीची नव्हेत. चित्रांची, पुतळ्यांची,
विमानातून जाणाऱ्या नाजूक, महागड्या गोष्टींची.
बारा मिलिमीटरचा प्लाय, कोपऱ्यांना पाइन,
आतून करडा फोम, वस्तूच्या अंगाबरोबर कातरलेला,
बेतशीर, पण श्वास घेण्याइतका सैल.

मंगळवारी मौझाबाईंची खुर्ची आली.
जुन्या लाँचच्या फळ्यांची. काळं, खारलेलं सागवान,
खिळ्यांच्या भोकांभोवती गंजाचे डोळे.
चार पायांतला एक चार बोटं आखूड.
पाठ अशी की टेकलं तर मोडेल.
बशीर हसला, "मेस्त्री, तुझ्या पोरानं केली असती
तर कान पिळला असतास."
पिळला असता.

फॉर्मवर वस्तूचा प्रकार लिहायचा होता.
रकाने दोन : कलाकृती, हस्तकला.
दोन्हींचा विमा वेगळा, कर वेगळा,
एजंटचा फोनवरचा आवाजसुद्धा वेगळा.
मी विचारलं, बसता येत नाही अशा खुर्चीला कुठे टाकू?
तो म्हणाला, पहिल्या रकान्यात.
बसता येत नाही म्हणूनच.

खारेपाटणचे राघो मेस्त, ज्यांच्याकडे मी रंधा धरायला शिकलो,
पाळणे करायचे, देव्हारे, होडीची वल्ही,
आणि कुणाच्या पाटाचा हललेला पाय, फुकट.
एकाही वस्तूवर नाव नाही.
विचारलं तर म्हणायचे,
"सही सावकाराच्या कागदार करतत."
त्यांची कसोटी एकच होती :
सांध्यावरून नख फिरवायचं, अडकता कामा नये.
माझं तीन वर्षं अडकत होतं.

रात्री सगळे गेल्यावर मी खुर्चीवरून नख फिरवलं.
जागोजाग अडकलं.
पाचरी तिरक्या, सरस ओघळलेला,
एका ठिकाणी करवत घसरल्याची लांब रेघ,
आणि बाईंनी ती झाकली नव्हती.

आखूड पायाला चार बोटांचा तुकडा :
दहा मिनिटांचं काम.
सागाला साग, रेषेला रेष,
राघो मेस्तांच्या नखालाही कळला नसता.
तुकडा मी कापला.
घासला. फुंकर मारली.

मग तो लावायला खाली बसलो
आणि पहिल्यांदा खुर्ची तिच्या उंचीवरून पाहिली.
ट्यूबलाइटखाली ती अशी कलली होती
जशी लाँचवर माणसं उभी राहतात
वारा उलटा असताना,
एक गुडघा वाकवून, काहीही न धरता.

हे फळ्यांच्या लक्षात होतं, की बाईंना सुचलं?
मला करता आलं असतं; सुचलं नसतं.
मला जे करता येतं ते त्यांना आलं नसतं,
असंही मनाशी म्हणून पाहिलं.
विशेष बरं वाटलं नाही.
बाहेर कुणीतरी ट्रेलर मागे घेत होतं, टीं टीं टीं,
बराच वेळ.

तो तुकडा शेवटी खोक्याच्या तळाला बसवला,
बरोबर आखूड पायाखाली.
प्रवासापुरती खुर्ची चारी पायांवर सरळ उभी राहील.
तिकडे पोचली, बाहेर काढली
की पुन्हा आपली कलेल.

झाकण आतूनही रंधलं.
बशीर म्हणाला, आत कोण बघतंय?
कोणी नाही.
फॉर्मच्या शेवटच्या ओळीत लिहिलं :
वेष्टन, लाकडी खोकं, नग एक. किंमत शून्य.

झाकणाच्या आतल्या बाजूला
माझे पेन्सिलीचे आकडे राहून गेलेत,
मापं, एक बाण, आणि चुकून खोडलेला सात.
पुसायचे विसरलो.
विचारलंच कुणी, तर
विसरलो, असंच सांगतो.