चौतीस किलो

थोंगयोंग बंदराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
फोनची कव्हरं, चार्जर, इयरफोन,
आणि डावीकडच्या कपाटात सात स्टायलस.
फेब्रुवारी होता. कालवांचा हंगाम सरला नव्हता.
थाक ओकबुन बाई आल्या त्या रबरी बुटांनिशीच,
टॅबलेट टॉवेलात गुंडाळलेला,
मुलाने नवा घेतल्यावर मागे उरलेला.

"माझं बोट याला कळत नाही," म्हणाल्या.
मी बोट टेकवलं, उघडला.
त्यांनी टेकवलं. ढिम्म.
पुन्हा, जोर लावून. ढिम्म.
एकोणचाळीस हिवाळे कालवं फोडून
बोटांच्या टोकांवर जे काही चढलं होतं
त्यातून पलीकडे काही पोचत नव्हतं.

मंगळवार-गुरुवार रात्रशाळा.
वर्गात नऊजणी, सर्वांत धाकटी एकसष्टची.
फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असतं.
"मग वही का नाही?"
"आमच्याकडे सगळं ओलं होतं, पोरा."

मी पाठ केलेलं म्हणायला लागलो:
हा दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक करतो,
याचं टोक रबराचं, गुळगुळीत काचेवर जरा अडतं,
हा महाग, पण रेघ हातामागे रेंगाळत नाही,
आणि वर तळहात खुशाल टेकवा,
काच तळहाताकडे लक्षच देत नाही.
"आयगो," त्या म्हणाल्या,
"म्हणजे आमच्या शेडच्या मालकासारखी."

एकेक उचलला.
पहिला इतका हलका की
हातात आहे की नाही म्हणून दोनदा पाहिलं.
दुसरा काचेवरून सटकला.
धरायच्या त्या मुठीत, अंगठा आडवा.
असं धरा, म्हणत मी बोटं जुळवून दाखवली.
लहान मुलाच्या हातात सुरी दिसावी
तशा त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या.
"असं धरलं तर अंगठा जाईल."

"काहीतरी लिहून बघा."
इथे लोक स्वतःचं नाव लिहितात,
बदाम काढतात, शाळेची पोरं शिव्या लिहितात.
त्यांनी आधी गियोक काढलं,
विळ्यासारखं वळलेलं आमचं पहिलं अक्षर.
"विळा समोर ठेवला तरी गियोक ओळखेना,
सासरी हे मला ऐकवायचे,
आणि विळा माझ्याच हातात असायचा."
हसल्या. मग जीभ दाताखाली धरून
एक तीन. एक चार.
"किलो कसं लिहायचं?"
मी सांगितलं, त्यांनी लिहिलं,
शेवटचं अक्षर काठावरून घसरता घसरता राहिलं.
"त्या दिवशी चौतीस सोलली होती मी.
वहीत एकतीस मांडली.
आकडे मला तेव्हाही येत होते.
पेन त्यांच्या खिशात असायचं."
"कधीची गोष्ट?"
"तू नव्हतास."

घेतला तो सर्वांत जाड आणि स्वस्त,
चार्ज न लागणारा. मी बजावलं,
याला तळहात चालत नाही,
हात अधांतरी ठेवून लिहावं लागेल.
"सुरी काय टेकवून चालवतात?"
जादा टोकं चार घेतली. नाणी मोजून दिली,
दोनदा, मोठ्याने.

महिन्याभराने टोकं संपली म्हणून आल्या
तेव्हा स्टायलसवर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली,
सुरीच्या मुठीला गुंडाळतात तीच.
त्याने वॉरंटी जाते, हे मी सांगितलं नाही.

पण त्या रात्रीचं सांगायचं राहिलं.
बंद करताना नमुन्याचा टॅबलेट कोरा करायचा,
हे माझंच काम.
नावं पुसली, बदाम पुसले, शिव्या पुसल्या.
चौतीस किलो ठेवलं.

सकाळी मालक आले,
कॉफीचा कप एका हातात,
हे काय, म्हणाले,
आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पुसून टाकलं.
त्यांचं बोट काचेला लगेच कळतं.